तीन कॅमेरे आणि सव्वा मूठ

धुळ्याला देवपुरात आमचे जुने घर आहे. त्याच्या माळ्यावर, दादांच्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याशेजारी, चपलांचा एक रिकामा खोका ठेवलेला आहे. खोक्यात तीन वेबकॅम आहेत, चार पोर्टांचा एक हब आहे, त्याचा वेगळा अडाप्टर आहे आणि वेटोळे करून रबर लावलेल्या काही केबल्स आहेत. माय दर दिवाळीला साफसफाई करताना विचारते, ‘हे भंगारवाल्याला देऊ का?’ मी दर दिवाळीला नको म्हणते. का नको, हे मात्र तिला कधी सांगितलेले नाही. ते इथे लिहून काढावे म्हणते आहे.

मी जळगावात मराठी शिकवते. यंत्राचा आणि माझा संबंध वर्गातला पंखा चालू-बंद करण्यापुरताच राहावा, अशी माझी इच्छा होती आणि २०२० च्या मार्चपर्यंत ती बऱ्याच अंशी पुरी होत होती. मग टाळेबंदी आली. जूनमध्ये जळगावातल्या बातम्या दिवसेंदिवस वाईट होत गेल्या आणि धुळ्यात माय एकटी होती. ई-पास काढून, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा तो ओळखीचा रस्ता परक्यासारखा पार करून मी तिच्याकडे आले. व्याख्याने ऑनलाइनच होती. ती देवपुरातून दिली काय आणि जळगावातून दिली काय, सारखेच. दादांच्या खोलीत भावाचा जुना संगणक होता. त्याच्यासमोर बसून मी काळ्या पडद्यावरच्या नावांना मध्ययुगीन वाङ्मय शिकवू लागले.

श्रावण जवळ आला तशी मायची चिंता वाढली. ही चिंता आजाराची नव्हती, कानबाईची होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. पिढ्यान् पिढ्या जपलेले एक नारळ, त्याला डोळे, नथ, दागिने, वस्त्र. चौरंगावर स्थापना, रात्री जागरण आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. देवी म्हणाल तर देवी, माहेरवाशीण म्हणाल तर माहेरवाशीण. पण कानबाईचे खरे बळ त्या नारळात नसून भाऊबंदकीत आहे. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे चुलतभाऊ त्या दिवशी एका घरात, एका पंगतीला बसतात. सुरतेच्या कापड गिरण्यांमधून, नाशिक-पुण्याहून, कल्याण-अंबरनाथहून माणसे गाड्या पकडून येतात. दिवाळीला न आलेला माणूस कानबाईला येतो. दादा तिघा भावांत थोरले, म्हणून कानबाई आमच्या घरी.

आणि या सणाच्या मध्यभागी असतात रोट. गावोगाव रीत थोडी निराळी असते. आमच्या भाऊबंदकीत घरातले पुरुष मोजून, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतला जातो. तो वेगळा दळायचा, त्याचे रोट आणि पुरणपोळ्या करायच्या, बरोबर खीर आणि गंगाफळाची भाजी. ते अन्न भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, कण वाया घालवायचा नाही. माणूस परगावी असला तरी त्याची मूठ घेतली जाते. तान्हे बाळही मुलगा असेल तर त्याची सव्वा मूठ पडते.

नऊ-दहा वर्षांची असताना मी दादांना विचारले होते, ‘माझी मूठ?’ दादा हसून म्हणाले, ‘तुझी मूठ तुझ्या सासरी.’ उत्तर प्रेमाने दिलेले होते आणि त्या वेळी मला ते पटलेही. पुढे माझे लग्न झाले नाही. का झाले नाही ही कथा निराळी आहे आणि फारशी रंजकही नाही. एवढेच की, माझी मूठ ज्या घरी पडायची होती ते घर कधी उभेच राहिले नाही. आज या वयात याचे दुःख करत बसावे असे काही नाही. परंतु दर श्रावणात माय कोठीजवळ बसून एकेक नाव घेत गहू मोजायची तेव्हा मी जवळपास काहीतरी काम काढून ऐकत असे. दादा होते तोवर आकडा बारा होता. दादा २०१८ च्या दिवाळीनंतर गेले. २०१९ च्या श्रावणात मायने पहिल्या नावाशी थबकून, मग नानांपासून सुरुवात केली आणि अकराव्या नावाशी ती थांबली. नाना, अण्णा, माझा भाऊ, चौघे चुलतभाऊ आणि पुढच्या पिढीतले चार मुलगे.

त्या वर्षी, २०२० ला, कोणीच येऊ शकणार नव्हते. २५ जुलैला शनिवारी नागपंचमी, २६ ला कानबाई. नाना सुरतेहून फोनवर म्हणाले, ‘वहिनी, यंदा राहू द्या.’ माय म्हणाली, ‘राहू कशी देऊ? ती येणारच.’ मग भावाने पुण्याहून सुचवले की ताई तिथे आहेच, तिने संगणकावरून सगळ्यांना दाखवावे. एका कॅमेऱ्यातून देवी दिसेल, पण घर दिसणार नाही, असे अण्णांचे म्हणणे पडले. सुरतेच्या काकूंना स्वयंपाकघर बघायचे होते. मायने तिसरी अट घातली: दार दिसले पाहिजे. ‘दारात कोणी येणार नाही,’ मी म्हटले. ‘म्हणूनच,’ ती म्हणाली. ‘दार उघडं आहे एवढं तरी त्यांना दिसू दे.’

अशा रीतीने एका संगणकाला तीन कॅमेरे जोडण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या दिवसांत बाजारात वेबकॅम मिळत नव्हते. सारे जगच त्यांच्या मागे लागले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी एक सायबर कॅफे होता. तो कधीच बंद झाला होता, पण मालकाने सामान ठेवून दिले होते. त्याने धूळ झटकून तीन वेबकॅम दिले, पैसे घेतले नाहीत. ‘कानबाईला लावताय ना,’ एवढेच म्हणाला. गल्लीतलाच एक मुलगा बीसीए करत होता, तो मदतीला आला. तोंडाला रुमाल बांधून, खिडकीबाहेर उभा राहून तो सूचना द्यायचा आणि मी टेबलाखाली शिरून केबल खोचायची, अशी आमची पद्धत ठरली.

त्यानेच मला सांगितले की जगातला पहिला वेबकॅम एका कॉफीच्या भांड्यावर रोखलेला होता. केंब्रिज विद्यापीठातल्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे भांडे एकच होते आणि इमारतीत बसणारे अनेक. जिने उतरून यावे तर भांडे रिकामे, म्हणून १९९१ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्याच्यासमोर कॅमेरा लावून त्याचे काळे-पांढरे, अंधुक चित्र सगळ्यांच्या पडद्यावर सोडले. १९९३ मध्ये ते जगाला दिसू लागले आणि २००१ मध्ये बंद झाले. मला ही गोष्ट फार आवडली. एवढ्या मोठ्या विद्येचा उगम शेवटी ‘भांड्यात काही उरले आहे का’ या प्रश्नात असावा! सुरतेच्या काकूंना स्वयंपाकघर का बघायचे होते, हेही तेव्हा मला अधिक कळले.

बुधवारी संध्याकाळी पहिला कॅमेरा जोडला, चित्र आले. दुसरा जोडला, तेही आले. तिसरा जोडला आणि त्याची चौकट काळीच राहिली. कॅमेरा बिघडला असेल म्हणून अदलाबदल केली. तोच कॅमेरा आधी जोडला की चालायचा आणि जो शेवटी येईल तो काळा पडायचा. वस्तूत दोष नव्हता, क्रमात होता. मग वाटले, पोर्ट कमी पडत असतील, म्हणून हब आणला. हबानेही काही फरक पडला नाही.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. समजले ते माझ्या भाषेत सांगते. यूएसबी ही जोडणी १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्यांतले एक प्रमुख नाव अजय भट्ट यांचे; त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. म्हणजे मालेगावजवळच्या कौळाण्यात जन्मलेल्या एका मुलाच्या नावाच्या विद्यापीठाचा धागा माझ्या टेबलाखालच्या केबलीपर्यंत येतो, असे मी उगीचच जुळवून घेतले. भट्टांच्या चमूची इच्छा साधी होती: प्रत्येक यंत्राला वेगळी खाच नको, सगळ्यांना एकच असावी. परंतु खाच एकसारखी झाली म्हणून वाटा अमर्याद होत नाही. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत एका नियंत्रकाच्या वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट जाऊ शकतात आणि ती वाट त्याच्यावरच्या सगळ्या पोर्टांची मिळून एक असते. त्यातही कॅमेऱ्यासारख्या, ज्यांना वेळ चुकवून चालत नाही अशा यंत्रांसाठी ८० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ३८४ मेगाबिट राखून ठेवता येतात.

आता कॅमेऱ्याची भूक पाहा. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र, ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला ३० चित्रे. गुणाकार केला तर न आवळलेल्या चित्राला सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट लागतात. नवे कॅमेरे चित्र स्वतःच आवळून पाठवतात. आमच्या जुन्या कॅमेऱ्यांना ती विद्या नव्हती. दोघांचे मिळून २९४-९५, तिघांचे ४४२. तिसऱ्याला जागाच नाही. आणि यातली खरी मेख अशी की कॅमेरा सुरू होतानाच आपला वाटा राखून घेतो, गरजेपेक्षा थोडा अधिकच. पुढे त्याच्यासमोर काही घडो वा न घडो, तो वाटा त्याचा. उशिरा आलेल्याला संगणक थोडेथोडे देत नाही, सरळ परत पाठवतो.

‘हबाने काय होईल मॅडम,’ तो मुलगा खिडकीतून म्हणाला, ‘हब म्हणजे नुसत्या फांद्या.’ मला मात्र फांद्या आठवल्या नाहीत, चाऱ्या आठवल्या. दादांचे गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठचे. पांझरेवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि खाली शेतांचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने ठरलेल्या पाळीने द्यायचे. पाणी कमी असलेल्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवायचे. दादा म्हणत, चाऱ्या वाढवल्याने पाणी वाढत नसते, भांडणे वाढतात. हबाचे याहून चांगले स्पष्टीकरण मला नंतर कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

तरीही हब कामाला आला, पण वेगळ्या कारणाने. यूएसबीची केबल पाच मीटरच्या पुढे नेता येत नाही आणि स्वयंपाकघर त्याहून लांब होते. मध्ये हब ठेवला की तिथून पुढे पुन्हा पाच मीटर जाता येते. त्याला स्वतःचा अडाप्टर हवा. नाहीतर संगणकाच्या पोर्टातून येणारा जेमतेम ५०० मिलिअँपिअरचा प्रवाह चार ठिकाणी वाटला जातो आणि कॅमेरे अर्धपोटी राहून बंद पडतात. दुसरी गोष्ट त्या मुलाने केली. ओबीएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत त्याने तिन्ही चित्रे एकाच चौकटीत मांडली: मध्ये मोठी कानबाई, उजव्या कोपऱ्यात वर दार आणि खाली स्वयंपाकघर. संगणकात तीन चित्रे येत असली तरी बाहेर इंटरनेटवर एकच जाणार होते. आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही तेव्हाच कळले.

उरली वाटणी. तिघांनाही पूर्ण चित्र देता येत नव्हते. मी क्षणभरही विचार न करता ठरवले: कानबाईला पूर्ण, ६४० गुणिले ४८०, सेकंदाला ३० चित्रे. दाराला आणि स्वयंपाकघराला ३२० गुणिले २४०, सेकंदाला १५. म्हणजे प्रत्येकी जेमतेम १८ मेगाबिट. तिसरी चौकट उजळली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. एखादे अवघड यमक सुटावे तसा.

शुक्रवारी सकाळी चाचणी घेतली. नागपंचमीला आमच्याकडे दळण-कांडण करत नाहीत, म्हणून रोटांचा गहू आदल्या दिवशीच मोजायचा होता. मी दादांच्या खोलीत संगणकाशी, माय स्वयंपाकघरात कोठीशी. मुलाने ओबीएसमधले रेकॉर्डिंगचे बटण दाबायला सांगितले, मी दाबले. दहा-बारा मिनिटे चित्र नीट चालते की नाही, एवढेच बघायचे होते. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माय कोठीतून हात घालताना आणि परातीत मूठ सोडताना दिसत होती. मी तिच्याकडे पाहत नव्हते. चित्र अडखळते का ते पाहत होते.

रविवारचा सोहळा जसा व्हायचा तसा झाला, म्हणजे गोड आणि विस्कळीत. यूट्यूबवरचा दुवा फक्त घरच्यांना पाठवला होता. आमचे चित्र त्यांच्यापर्यंत पोहोचायला वीस-पंचवीस सेकंद लागत. शिवाय माय फोनही चालू ठेवून बसलेली. त्यामुळे आरती फोनवरून आधी ऐकू जायची आणि पडद्यावर मायचे हात नंतर हलायचे. सुरतेत आरती संपली तेव्हा नाशकात कापूर पेटत होता. माय मधूनच कॅमेऱ्याकडे वाकून विचारायची, ‘माले तं दखास. तुम्हले दखास का?’ आणि पंचवीस सेकंदांनी पाच घरांतून हसू यायचे.

आठच्या सुमारास नेट मंदावले, चित्र अडकू लागले. नानांचा फोन आला, ‘बेटा, स्वयंपाकघर बंद कर. देवी नीट दिसू दे.’ मी त्यांना समजावले की बाहेर चित्र एकच जाते आहे, स्वयंपाकघर बंद करून नेटवर काही फरक पडणार नाही. नाना म्हणाले, ‘नसेल पडत. पण त्याची गरज काय आहे? पोळ्या काय बघायच्या?’ मग फोन बहुधा काकूंनी घेतला. ‘बंद नको करू वं,’ त्या म्हणाल्या, ‘माले बाईना हात दखू दे.’ चाळीस वर्षे त्या कानबाईला येत आल्या आणि चाळीस वर्षे त्याच स्वयंपाकघरात मायच्या शेजारी पाठ वाकवून बसत आल्या. समोरून त्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते. मी कॅमेरा चालू ठेवला. सोमवारी पांझरेवर न जाता अंगणातच पाण्याची बादली भरून कानबाईला न्हाऊ घातले, आणि केबल्स गुंडाळून खोक्यात ठेवल्या.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण ऑक्टोबरमध्ये संगणकावर जागा करताना शुक्रवारच्या चाचणीची फाइल सापडली. पुसण्याआधी एकदा पाहावी म्हणून लावली. मध्ये कानबाईचा चौरंग, अजून रिकामा; पूर्ण स्वच्छ, लाकडाच्या रेषाही मोजता याव्यात इतका. वर उघडे दार आणि रिकामी गल्ली. खाली, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या चौकटीत, माय. तिची एक पूर्ण मूठ, मग चार बोटांत आलेली पाव मूठ. नाव. पुन्हा मूठ. सवयीने मी मोजू लागले. नऊ, दहा, अकरा. मायचा हात थांबला. ती काही वेळ तशीच बसली. मग हात पुन्हा कोठीत गेला.

बारा.

मी मागे जाऊन पुन्हा मोजले. तीनदा मोजले. बाराच.

बारावी मूठ कोणाची? तिचे ओठ हलले का ते दिसत नाही. चेहरा दहा-बारा ठिपक्यांचा आहे. आवाज नाही; त्या कॅमेऱ्याला माइक नव्हता आणि चाचणीत आवाजाची गरज नाही म्हणून दुसरा जोडलाही नव्हता. दादांची असेल. बेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या नावापासून मोजणी सुरू झाली, ते नाव हाताला इतक्यात सुटत नसते. की मोजताना चुकली असेल? वय झाले होते, एकटीने सगळे करत होती. की दारात कोणी नसलेल्या त्या वर्षी, घरात जी एकटी होती, टेबलाखाली शिरून केबल खोचत होती, तिची?

त्या रात्री मी कागदावर पुन्हा गणित मांडले. दोन मोठी चित्रे २९४-९५, एक छोटे १८. बेरीज ३१३. मर्यादा ३८४. म्हणजे कानबाईबरोबर स्वयंपाकघरालाही पूर्ण चित्र देता आले असते. कॅमेऱ्यांनी थोडा अधिक वाटा मागितला असता तरी मावले असते. पाणी होते. मीच तो फड कोरडा ठेवला होता. कोणी सांगितले नव्हते, कोणाशी भांडण झाले नव्हते. देवीला मोठे आणि चुलीला छोटे, हे मला इतके स्वाभाविक वाटले की गणित करून बघण्याची गरजही भासली नाही. वर्षानुवर्षे ज्या मोजणीत मी नाही म्हणून कुढत होते, ती मोजणी करणाऱ्यांहून मी काही निराळी वागले नव्हते. त्यांच्या हातात गहू होता, माझ्या हातात मेगाबिट.

माझ्या विषयातही हेच आहे, हे तेव्हा नव्याने जाणवले. वर्गात मी बहिणाबाई चौधरी शिकवते. असोद्याची लेक, जळगावची सून. १८८० ते १९५१. लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरची गाणी सोपानदेवांनी आणि घरातल्या एका आप्ताने कागदावर उतरवली, म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. मी विद्यार्थ्यांना हे ‘भाग्य’ म्हणून सांगत असे. आता सांगताना पुढचे वाक्यही जोडते: ज्या दिवशी सोपानदेव घरी नव्हते त्या दिवशीची गाणी आपल्याकडे नाहीत. आणि ज्या घरात लिहिणारा मुलगाच नव्हता, त्या घरांचे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, तेव्हा कुठे स्वयंपाकघराच्या चौकटीला थोडा मोठा वाटा मिळाला. काय टिकले यावरून काय घडले हे आपण ठरवतो. पण काय टिकायचे हे कोणीतरी आधीच, बहुतेक वेळा विचार न करता, ठरवून ठेवलेले असते.

मायला विचारावे, असे वाचक म्हणतील. तीही आता एकोणऐंशीची आहे, बोलती आहे, तिची स्मृती माझ्याहून तल्लख आहे. मीही कितीदा ठरवले. पण विचारले तर ती उत्तर देईल आणि ते उत्तर एकच असेल. ‘तुझ्या दादांची’ म्हणाली तर ते योग्यच आहे आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, तरीही वाटेल. ‘तुझी’ म्हणाली तर मला शंका येईल की मी विचारले म्हणून म्हणाली. ते छोटे, मुके, अंधुक चित्र मला जे देते ते कोणतेही उत्तर देणार नाही. म्हणून फाइल ठेवली आहे आणि खोकाही.

पुढे माणसे पुन्हा येऊ लागली. अण्णा मध्यंतरी गेले. पुण्यात भावाला नातू झाला. आकडा अकराच राहिला. गेल्या श्रावणात मायचा उजवा हात दुखत होता. तिने मला कोठीजवळ बोलावले आणि पाटावर बसायला सांगितले. म्हणाली, ‘यंदा तू मोज.’ मी नानांपासून सुरुवात केली, मोठ्याने नावे घेत. माय भिंतीला टेकून ऐकत होती. अकरावे नाव त्या तान्ह्याचे. परातीत गव्हाचा लहानसा ढीग झाला होता. मी थांबले. तिच्याकडे पाहिले नाही.

मग मी कोठीत हात घातला आणि बारावी सव्वा मूठ घेतली. नाव मी मोठ्याने घेतले नाही आणि तिनेही विचारले नाही.